चित्राचा खसरा



मंडळाने या वर्षीच्या व्याख्यानासाठी मला विषय दिला तो असा : चित्रकलेच्या जगातल्या ताज्या घडामोडी. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. फळ्यावर घडा, पेरू आणि उंबराचे पान काढून दाखवण्यात माझी हयात गेली. न्यूयॉर्क आणि दिल्लीच्या लिलावांच्या बातम्या मी वाचतो, कात्रणेही ठेवतो. पण संत्र्याच्या भावाची काळजी डोक्यावर असलेल्या माणसांना त्या कशाला सांगायच्या, असे प्रथम मनात आले. मग कात्रणे काढून बसलो. एकेका बातमीची मुळे कुठवर जातात ते पाहू लागलो, तेव्हा त्यातली बरीचशी आपल्या जुन्या प्रांतात येऊन पोचली. म्हणून होकार दिला. हे व्याख्यान पुढे छापून तुमच्या घरी येईल. तेव्हा जे आज इथे नाहीत, त्या वाचकांशीही मी बोलतो आहे असे समजावे.

पहिली बातमी 19 मार्च 2025 ची. न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावसंस्थेत मकबूल फिदा हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे चित्र 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला गेले. आपल्या हिशेबात 118 कोटी रुपयांच्या वर. त्याआधीचा आधुनिक भारतीय चित्राचा उच्चांक 61 कोटी 80 लाखांचा होता, अमृता शेर-गिल यांच्या चित्राचा, 2023 सालचा. म्हणजे एका दिवसात भाव जवळजवळ दुप्पट झाला. वर्तमानपत्रांनी आकडा मोठ्या अक्षरांत छापला. मला मात्र आकड्यापेक्षा त्याच बातमीतली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटली.

'ग्रामयात्रा' 1954 चे चित्र. लांबी जवळजवळ चौदा फूट. त्यात तेरा चौकटी आहेत आणि त्या चौकटींत खेडे आहे : स्वयंपाक करणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या बाया, गाडी, घरे, शेत. एका चौकटीत एक शेतकरी उभा आहे आणि त्याचा हात शेजारच्या चौकटीत जाऊन तिथली जमीन तोलून धरतो आहे. आपल्यापैकी ज्यांच्या नावावर दोन एकर का होईना जमीन आहे, त्यांना तो हात समजावून सांगावा लागणार नाही.

हे चित्र इतकी वर्षे होते कुठे? नॉर्वे देशात, ओस्लो शहरातल्या एका रुग्णालयात. लिऑन इलियास व्होलोदार्स्की नावाचे एक डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीला आले होते. छातीच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण देण्याची व्यवस्था उभी करणे हे त्यांचे काम. 1954 मध्ये त्यांनी हे चित्र विकत घेतले आणि बरोबर नेले. 1964 मध्ये ते ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडे आले. तिथल्या आतल्या एका मार्गिकेत ते टांगलेले राहिले. भारतातल्या रसिकांच्या नजरेआड सत्तर वर्षे गेली. पण चित्र कोणी लपवले नव्हते. ते भिंतीवरच होते आणि डॉक्टर-कर्मचारी त्याच्यासमोरून रोज ये-जा करत होते.

हुसेन यांचा जन्म 1915 चा, पंढरपूरचा. चित्रकलेचे पहिले धडे त्यांनी इंदूरला घेतले, दत्तात्रेय देवळालीकर यांच्या चित्रशाळेत. नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरच्या मराठी घरातले थोर चित्रकारही याच देवळालीकरांचे विद्यार्थी. आपण मध्य प्रदेशातले मराठी लोक देवळालीकर हे नाव किती वेळा घेतो? मी स्वतः तीस वर्षे चित्रकला शिकवली आणि एकाही वर्गात ते घेतले नाही. ही माझी कबुली.

दुसरी बातमी सप्टेंबर 2025 ची. वासुदेव संतू गायतोंडे यांचे 1970 मधले एक चित्र 67 कोटी 8 लाखांना विकले गेले. गायतोंडे यांचे घराणे गोव्याचे, जडणघडण मुंबईची आणि जन्म नागपूरचा, 2 नोव्हेंबर 1924 चा. वर्षाकाठी मोजकीच चित्रे करणारा, कमी बोलणारा, दिल्लीत एकट्याने राहिलेला हा माणूस 2001 मध्ये गेला. त्यांनी स्वतःविषयी फार लिहून ठेवले नाही. मग आज त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळते ते कुठून कळते? बरेचसे त्यांना ओळखणाऱ्या माणसांकडून. मुंबईच्या 'चिन्ह' या मराठी कलाविषयक प्रकाशनाचे संपादक सतीश नाईक यांनी अशा माणसांना गाठले, आठवणी लिहून घेतल्या, मुलाखती घेतल्या आणि त्यांतून 'गायतोंडे' हा ग्रंथ उभा राहिला. त्या आठवणी वेळेवर लिहून घेतल्या नसत्या, तर बोलणारी माणसे एकेक करून गेली असती आणि भिंतीवर नुसती चित्रे उरली असती.

तिसरे नाव तर अगदी आपल्या प्रांतातले. सैयद हैदर रझा. जन्म 1922 चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगल खात्यात. बाळ रझा ककैया गावच्या प्राथमिक शाळेत जायचे आणि त्यांचे लक्ष अभ्यासात लागत नसे. तेव्हा नंदलाल झरिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितले, याच्याकडे पाहत बस. पुढे पॅरिसमध्ये नाव कमावलेला हा चित्रकार उतारवयात त्या ठिपक्याकडे परत आला. त्यांच्या चित्रांतला 'बिंदू' आज जगभर ओळखला जातो. 2023 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच वर्षी त्यांचे 1989 मधले एक चित्र मुंबईच्या लिलावात 51 कोटी 75 लाखांना गेले. 2016 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी दफन केले.

पण ककैया आणि पॅरिस यांच्या मधला एक मुक्काम आपण विसरतो. तो म्हणजे नागपूर. दमोहला शाळा झाल्यावर 1939 ते 1943 ही चार वर्षे रझा नागपूरच्या चित्रशाळेत शिकत होते. बापूराव आठवले हे तिथले त्यांचे शिक्षक. तेथून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. 1947 मध्ये मुंबईत सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, ज्याने भारतीय चित्रकलेला नवे वळण दिले. सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे. यातले हरी अंबादास गाडे हे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, आधी विज्ञानाचे पदवीधर आणि मग नागपूरच्याच चित्रशाळेचे विद्यार्थी. म्हणजे सहापैकी दोघे नागपुरात शिकले. मुंबईच्या या क्रांतीचा एक पाय आपल्या नागपुरात होता.

आपल्या नागपुरात, असे मी जाणूनबुजून म्हणतो. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. मंडला, दमोह, छिंदवाडा, अमरावती हे सगळे त्याच एका प्रांतातले. मंडल्याच्या मुलाने चित्र शिकायला नागपूरला जाणे आणि सौंसरच्या मुलाने छोट्या लाइनीच्या गाडीत बसून नागपूरला जाणे, यात तेव्हा काही फरक नव्हता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून आपली एक पंचाईत झाली आहे. मराठी कलेचा इतिहास लिहिणारा मुंबई-पुण्यात बसून लिहितो आणि त्याची नजर सावनेरच्या पुढे येत नाही. मध्य प्रदेशच्या कलेचा इतिहास लिहिणारा भोपाळला बसतो आणि मराठी कागदपत्रे त्याला वाचता येत नाहीत. आपण दोघांच्याही हिशेबातून निसटतो. 2023 मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा स्वतंत्र झाला, याचा आपल्याला अभिमान आहे. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या सरकार देईल. आठवणी मात्र आपल्यालाच द्याव्या लागतील.

भोपाळवरून चौथी गोष्ट आठवली. ती नवी नाही, पण तिच्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही. 1982 मध्ये भारत भवन उघडले. त्याच्या संग्रहासाठी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी 1981 मध्ये तरुण कलावंतांच्या तुकड्या खेड्यापाड्यांत पाठवल्या. अशी एक तुकडी तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या, आता दिंडोरीत असलेल्या पाटनगढ गावी पोचली. तिथे एका घराच्या भिंतीवर त्यांना चित्र दिसले. काढणारा पोरगा परधान गोंड जमातीचा, विशीच्या आतबाहेरचा, नाव जनगढ सिंह श्याम. त्याला भोपाळला आणले. आठ वर्षांत, 1989 ला, त्याची चित्रे पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात लागली. 2001 मध्ये जपानमध्ये त्याचा दुर्दैवी अंत झाला. पण त्याच्या मागून गावातले कितीतरी हात रंगाला लागले. त्याच परंपरेतल्या भज्जू श्याम यांना 2018 मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

आता या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. ओस्लोची भिंत, ककैयाच्या शाळेची भिंत, पाटनगढच्या घराची भिंत. तिन्ही ठिकाणी जे होते ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. कलेच्या जगात ज्याला 'शोध' म्हणतात, तो बहुतेक वेळा असाच असतो. जमीन खणून काही निघत नाही. कोणीतरी थांबून विचारतो : हे कोणी काढले? केव्हा? इथे कसे आले?

आणि या प्रश्नांना उत्तर नसले तर काय होते, तेही ऐका. 2009 मध्ये रझा दिल्लीतल्या एका गॅलरीत स्वतःच्या जुन्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले. वय तेव्हा शहाऐंशी. भिंतीवर त्यांच्या नावाची चित्रे ओळीने लागली होती. ती पाहताना त्यांच्या लक्षात आले की ही आपली नाहीतच, बनावट आहेत. प्रदर्शन बंद करावे लागले. चित्रकार जिवंत होता, समोर उभा होता, म्हणून खोटे उघडे पडले. तो गेल्यावर कोण सांगणार? म्हणून आज चित्राइतकीच त्याच्या कागदांना किंमत आहे. हुसेन यांच्या त्या चित्राची साखळी पाहा : 1954 ला कोणी घेतले, कोणत्या कामावर असताना घेतले, 1964 ला कोणाकडे गेले, कुठे टांगले. एकही कडी तुटलेली नाही.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. जमिनीच्या बाबतीत आपण हेच करतो. खसरा पाहिल्याशिवाय, बी-1 ची नक्कल काढल्याशिवाय आपण वावरभर जमिनीचा सौदा करत नाही. आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर नामांतरण केव्हा झाले, हे आपल्याला तोंडपाठ असते. मोडीतले जुने कागद वाचता येत नसले तरी पेटीत जपून ठेवलेले असतात, कारण उद्या कचेरीत लागतील. चित्रालाही असाच खसरा असतो. तो मात्र आपण कधी काढला नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगायची की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

माझे मोठे काका, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, 1940 च्या सुमारास दोन-तीन वर्षे नागपूरला चित्रकला शिकायला होते. पुढे घरच्या अडचणींमुळे परत आले आणि शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले. गावातल्या नाटकांचे पडदे ते रंगवत. गणपती करत. तान्ह्या पोळ्यासाठी पोरांचे लाकडी बैल रंगवून देत. त्यांची एक पत्र्याची पेटी होती. त्यात वह्या होत्या, काही सुटे कागद, नागपूरच्या दिवसांतली पत्रे. लहानपणी आम्हाला त्या पेटीला हात लावू देत नसत. नंतर आप्पा गेले आणि पेटीला हात लावावासा कोणाला वाटला नाही.

2011 च्या दिवाळीआधी आमच्या घराच्या वाटण्या झाल्या. माझ्या वाट्याच्या खोल्यांना पुट्टी-रंग काढायचा होता. सामान बाहेर काढले. कबाडीवाला दारात होता. त्याने विचारले, "भाऊ, ह्या चित्रायच्या वह्या पन देता काय?" मी शिडीवर होतो. वरूनच म्हणालो, "घेऊन जाय सगळं. घरात ठेवाले जागा नाही." साडेसहा किलो भरले. पेटीचे पैसे वेगळे मिळाले.

2016 च्या जुलैत रझा गेल्याची बातमी आली. लेखात लिहिले होते, नागपूर, 1939 ते 1943. मी बोटांवर वर्षे मोजली आणि पेपर खाली ठेवला.

माझ्या काकांची आणि रझांची ओळख होती, असे मी म्हणत नाही. कदाचित नसेल. कदाचित आप्पा दुसऱ्याच ठिकाणी शिकत असतील. कदाचित दोघे एकाच बाकावर बसून एकच घडा काढत असतील. त्या पत्रांत काय होते ते मी वाचले नाही, आणि आता कोणालाही वाचता येणार नाही. मी चित्रकलेचा शिक्षक होतो. ती पेटी उघडून पाहणे हे माझ्याइतके दुसऱ्या कोणाचे काम नव्हते.

तेव्हा माझी तुम्हाला विनंती आहे. कोट्यवधींचे चित्र आपल्या माळ्यावर निघेल, ही आशा ठेवू नका. तसे सहसा होत नाही आणि त्यासाठी हे सांगत नाही. आपल्या घरांत जे आहे ते वेगळे आहे. पडदे रंगवणाऱ्यांच्या वह्या, खडी गंमतीचे फोटो, लग्नात भिंतीवर काढलेल्या चित्रांची छायाचित्रे, आजीने भरलेली कशिद्याची चौकट, फोटो स्टुडिओत मागे लावलेल्या रंगीत पडद्यासमोर बसलेले पणजोबा, पोळ्याचे लाकडी बैल. मंडल्यातून रझा निघाले, पाटनगढमधून जनगढ निघाले. त्यांच्या मधल्या या पट्ट्यात हजारो हात काही ना काही काढत होते. ते काय काढत होते, हे या वस्तूंवरूनच कळेल.

करायचे ते फार अवघड नाही. चित्राची पाठ पाहा. मागे काही लिहिले असेल तर ते पुसू नका, कापू नका, त्यावर नवा पुठ्ठा चिकटवू नका. मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको, कारण शाई कागदातून पुढे उतरते. कोणी काढले, केव्हा, कुठे, घरात कसे आले, त्यात कोण आहे, एवढी पाच उत्तरे. जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असेच लिहा. अंदाज लिहायचा तर तो अंदाज आहे हेही लिहा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग सोडते. लॅमिनेशन तर करूच नका. पावसाळ्यात जी भिंत ओल धरते, तिच्यावर चित्र टांगू नका. काचेची चौकट करताना कागद काचेला चिकटणार नाही, एवढे अंतर ठेवायला सांगा. ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा.

आणि हे सगळे मराठीत लिहा आणि हिंदीतही लिहा. आपली नातवंडे मराठी बोलतात, पण शाळेत मराठी शिकत नाहीत. चित्राच्या पाठीवर आपण लिहिलेले त्यांना वाचता आले नाही, तर आपण ते लिहिले काय आणि न लिहिले काय.

शेवटी घरातल्या वयस्कर माणसांजवळ बसा. कागद वाट पाहू शकतो, माणूस पाहत नाही. ऐंशी ओलांडलेल्या आत्याला, मावशीला फोटो हातात देऊन विचारा, हे कोण, ते कोण. ती एका फोटोवरून चार घरांच्या गोष्टी सांगेल. त्या लिहून घ्या.

मंडळाला माझी एक सूचना आहे. ग्रंथालयात एक जाड नोंदवही घालावी. ज्याच्या घरी जे आहे ते त्याने आपल्याच घरी ठेवावे, पण नोंद इथे करावी. आपल्या नव्या जिल्ह्याचा हा चित्रांचा खसरा होईल. उद्या मुंबईचा किंवा भोपाळचा कोणी अभ्यासक आला, तर त्याला दाखवायला आपल्याकडे निदान एक वही असेल.

पहिली नोंद मी आणली आहे. आप्पांच्या सगळ्या कागदांतून एक कागद वाचला. आमच्या जुन्या आरशाची काच फुटली, तेव्हा मागच्या फळीला आधार म्हणून लावलेला तो निघाला. नोंद वाचतो आणि आपली रजा घेतो.

बैलजोडी, पोळ्याला सजवलेली. मागे जाम नदीचा काठ. पेन्सिल, साधा कागद, एका हाताची वीत लांब. खाली 'पोळा' असे शब्द आणि साल, पण सालाचे शेवटचे दोन आकडे कापले गेले आहेत. काढणारे : माझे मोठे काका. कासरा धरून एक तरुण उभा आहे, डोक्याला फेटा, चेहरा स्पष्ट आहे. तो कोण : माहीत नाही. ज्यांना माहीत होते त्यांना आम्ही विचारले नाही.